मान टाकलेली झाडं

मोठीआईचं म्हणणं एवढंच होतं, की सुनेला बोलायचं होतं तर घरात बोलायचं. स्वयंपाकघरात बोलायचं, अंगणात बोलायचं, अगदीच दम धरवत नव्हता तर कानाशी येऊन बोलायचं. पण वर कापडी छत ताणलेलं, पाहुणे खुर्च्यांवर बसलेले, पहिल्या रांगेत सासू ठेवणीतली शाल पांघरून बसलेली, अशा वेळी तोंडातून एक अक्षर न काढता सासरचं नाक कापून हातात द्यायचं, ही कुठली रीत?

"बोलली असती तरी चाललं असतं," भेटेल त्याला मोठीआई सांगत होती. "बोलणारीला गप्प करता येतं. हिनं तोंडच उघडलं नाही. हिनं सरळ झाड उपटलं!"

मोठीआई म्हणजे पाण्याच्या टाकीमागच्या नर्सरीची मालकीण. घरचेही तिला मोठीआई म्हणत आणि दारचेही. शाळा म्हणाल तर अक्षरं ओळखण्यापुरती. सही करताना अजून जीभ दातांत धरायची. पण ज्या पडीक पट्ट्यावर लोक मोडके पलंग आणून टाकत, तिथे नवऱ्याच्या माघारी तिनं एकटीनं रोपं उभी केली होती. "माझं रोप आणि माझा शब्द, दोन्ही फिरून येत नाहीत," असं ती म्हणे. समोरच्यानं मान हलवायला उशीर केला, तर त्याला ते पुन्हा ऐकावं लागे.

तिच्या नर्सरीत नियम फार नव्हते, पण एक होता तो दगडावरची रेघ. रोप लावायच्या आधी त्याची काळी प्लास्टिकची पिशवी फाडायची आणि फाडलेली पिशवी कमरेला खोचायची. संध्याकाळी परत आल्यावर ज्यानं त्यानं आपापल्या पिशव्या फाटकाजवळच्या पत्र्याच्या पिंपात टाकायच्या, मगच चहा. मोठीआई स्वतः पिंपाजवळ उभी राहायची. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायची, "पिशवीसकट लावलेलं झाड म्हणजे तोंड बांधून जेवायला बसवलेलं पोर. ताट समोर असतं, घास पोटात जात नाही." सून लग्न होऊन आली तेव्हा तिला आधी पिंप दाखवलं होतं, मग स्वयंपाकघर.

यंदा काम मोठं आलं होतं. बसथांब्यापासून दवाखान्याच्या फाटकापर्यंतचा रस्ता म्हणजे नुसता तवा. आजाऱ्यांबरोबर आलेली माणसं विजेच्या खांबाच्या सावलीत एकामागे एक उभी राहत; सावली सरकेल तशी रांगही सरके. त्या रस्त्यावर सावलीची झाडं लावायला एक फाउंडेशन पुढे आलं. त्याचे संस्थापक म्हणजे पंपवाले आजोबा. आयुष्यभर पाण्याचे पंप विकून कमावलं आणि आता म्हातारपणी ते वाटत होते. ऊन दरवर्षी वाढतंय आणि आपण नुसतं पंख्याखाली बसून हळहळतोय, हे त्यांना सोसवत नव्हतं म्हणे. याआधी त्यांनी दुसरीकडे झाडांना पैसे दिले होते. तिथे लोखंडी जाळ्या आल्या, जाळ्यांवर देणाऱ्यांची नावं आली, फोटो आले, आणि वर्षभरात झाडं गेली. जाळ्या मात्र अजून उभ्या आहेत, आत कागदाचे कपटे सांभाळत.

म्हणून या खेपेला आजोबांनी सांगितलं होतं, जाळी नको, नाव नको. आधाराला एक काठी, आणि वाचेल तो पैसा तीन वर्षांच्या पाण्याला आणि पाणी घालणाऱ्या हातांना. ते हात सुनेचे होते. टँकरबरोबर तीच जायची. आणि हा रस्ता नीट झाला, तर पुढे शहरातल्या सगळ्या शाळांबाहेरची झाडं मोठीआईच्याच नर्सरीतून जायची होती. तेवढं काम आलं असतं तर पडीक पट्ट्यावरच्या बाईचं नाव शहरभर झालं असतं. मोठीआईनं ते मनातल्या मनात कितीदा उच्चारून पाहिलं होतं, ते तिचं तिला ठाऊक.

लागवड झाल्यावर आठवड्याभरात आजोबा पाहायला आले. दवाखान्याच्या फाटकाशी छोटा समारंभ झाला. रस्त्याच्या दोन्ही कडांना झाडं कशी उभी होती! टवटवीत, ताठ, पान न् पान हसतंय. नवं झाड जागा बदलली की रुसतं, चार-आठ दिवस मान टाकतं, हे नर्सरीतलं पोरही सांगेल. पण त्या रस्त्यावर एकाही झाडानं मान टाकली नव्हती. फाउंडेशनच्या बाईंनी, म्हणजे चष्मेवाल्या, कामाचं सगळं बघणाऱ्या बाईंनी, कौतुक केलं, तेव्हा मोठीआईनं शाल सावरली. "रोपच कसाचं लागतं, बाई. खालची माती माझ्या हातची आहे."

आजोबा उठले. हातात काठी, आवाज बारीक. म्हणाले, "भाषण नको. मला एकच विचारायचंय. ही झाडं जगतील ना?"

"जगतील तर!" मोठीआईचा लेक म्हणाला. दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले, "का नाही जगणार?" पहिल्या रांगेत सगळ्यांनी माना डोलावल्या, मोठीआईनं जरा जास्तच.

आजोबांनी त्या डोलणाऱ्या माना पाहिल्या आणि ते कडेला, टँकरजवळ उभ्या असलेल्या सुनेकडे वळले. "पाणी तुम्ही घालता ना? मग तुम्ही सांगा."

सुनेनं हातातला पाइप खाली ठेवला. जवळच्या झाडाची आधाराला बांधलेली दोरी सोडली, सावकाश, जशी लहान मुलाच्या बुटाची सोडावी. मग दोन्ही हातांनी बुंधा धरला आणि वर ओढलं. एवढं पुरुषभर उंचीचं झाड, पण मातीनं जरासुद्धा हट्ट केला नाही. बाटलीचं बूच निघावं तसं ते बाहेर आलं. खाली काळी पिशवी, अंगाबरोबर बसलेली, उन्हात चकाकणारी.

चष्मेवाल्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. लेक आपल्या बुटांकडे बघत होता. मोठीआई उठली आणि हसली. ते हसू तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. आठवलं की कानाच्या पाळ्या तापायच्या.

"राहिली असेल एखादी चुकून," ती म्हणाली. "एवढ्या कामात एखादी राहते."

सुनेनं झाड हलकेच आडवं ठेवलं आणि दुसऱ्या झाडाकडे पाऊल टाकलं. तेव्हा मोठीआईनं तिचं मनगट धरलं. सगळ्यांसमोर, शालीच्या आडून, असं घट्ट, की सुनेच्या तोंडून "आई गं" निघालं. आजोबांनी ते ऐकलं आणि पाहिलंही. मग त्यांनी काठी उचलली आणि गाडीत जाऊन बसले.

घरी आल्यावर मोठीआईनं जे तोंड सोडलं, ते दिवे लागेपर्यंत मिटलं नाही. सून भांडी विसळत होती. मनगटावर चार बोटं उमटली होती, ती तिनं बाहीखाली झाकली होती.

"तुला कळलं होतं ना एक पिशवी राहिलीय? मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगायला आले होते, आई. काल संध्याकाळी."

"कधी?"

"तुम्ही शालीला इस्त्री करत होता. मी म्हटलं, रोपांचं जरा बोलायचंय. तुम्ही म्हणालात, रोपांचं मला सांगतेस? तुझ्या दुधाच्या दातांआधीपासून मी रोपं लावतेय."

हे मोठीआईचंच वाक्य होतं, तिला नाकारता येईना. तिनं मोर्चा फिरवला. "मग नवऱ्याला सांगायचंस!"

"त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, पाहुणे जाऊ देत."

लेक तेवढ्यात आतून उठून गेला, फोन आल्यासारखा. फोन काही वाजला नव्हता. मोठीआईनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. जाता जाता सुनेला म्हणाली, "एक पिशवी राहिली म्हणून एवढा तमाशा! उद्या मी स्वतः जाते आणि रस्ता उकरून दाखवते तुला. मग माझ्या पायांशी येशील."

ती बोलून मोकळी झाली आणि मग अडकली. बोललेलं फिरवायची तिला सवय नव्हती.

उजाडता उजाडता खुरपं घेऊन ती त्या रस्त्यावर गेली. एकटीच. बसथांब्याजवळच्या पहिल्या झाडापाशी बसली आणि बुंध्याकडेची माती बोटांनी बाजूला केली. काळी कड लागली. तिनं ती बोटानं चाचपली, जणू दुसरंच काही असेल. मग दुसऱ्या झाडाशी गेली. तिथेही कड. तिसऱ्याशी जाताना गुडघे दुखत होते, पण दुखणं बरं वाटत होतं. निदान लक्ष तिकडे लागत होतं. तिसऱ्यालाही पिशवी. मग तिनं मधली झाडं सोडली आणि एकदम पार टोकाचं, फाटकाजवळचं गाठलं. मनात म्हणाली, हे तरी. हे तरी नीट लावलं असेल माझ्या लेकानं.

तेही तोंड बांधून बसलेलं होतं.

फाटकातला वॉचमन तांब्या घेऊन तोंड धूत होता. "काय मोठीआई, काही हरवलं काय?"

"कानातलं पडलंय," ती म्हणाली. आणि वॉचमन बिचारा खरंच वाकून शोधायला लागला. दोन्ही कानांतली कानातली जागच्या जागी असलेली ती म्हातारी त्याच्या शेजारी ओणवी होऊन, नसलेली वस्तू शोधत राहिली. शेवटी त्याचं लक्ष तिच्या कानांकडे गेलं. त्यानं तांब्या उचलला आणि आत गेला. त्याचं ते न बोलणं तिला चपराकीसारखं लागलं.

नर्सरीत परत आली ती तडक फाटकाजवळच्या पिंपाशी. झाकण नव्हतंच. आत वाकून पाहिलं. तळाशी जुनं पोतं, पोत्यावर मांजर, मांजरीला लुचणारी पिल्लं. पिल्लांना तीच तर रोज बशीत दूध आणून द्यायची! लागवड चालू होती तेव्हापासून देत होती; संध्याकाळी पिंपाशी उभं राहणं मात्र समारंभाच्या तयारीत राहून गेलं होतं. रोज त्या पिंपात वाकत होती, मांजरीशी लाडानं बोलत होती, आणि पिंप पिशव्यांनी भरायला हवं होतं हे तिच्या मनातही आलं नव्हतं. अख्ख्या रस्त्याची झाडं लावली आणि पिंपात मांजर विते, तरी मालकीण दूध घालतेय! मांजरीनं तिच्याकडे पाहून शेपूट हलवली. आज बशी नाही का, असं विचारल्यासारखं.

लेक पाइप गुंडाळत होता. मोठीआई त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"सगळ्या?"

तो पाइप गुंडाळत राहिला.

"मी विचारतेय. सगळ्या?"

"हो."

"मजुरांनी कंटाळा केला?"

"नाही. मी सांगितलं त्यांना. पिशवी फाडली की मातीचा गड्डा हलतो, झाडं मान टाकतात. आठवड्यात पाहुणे येणार होते. म्हटलं, ते जाऊ देत, मग काढू गुपचूप."

"अरे मेल्या, माझ्या हाताखाली वाढलास तू! हे शिकवलं मी तुला?"

आता त्यानं पाइप खाली टाकला. चाळिशीचा बाप्या, पण आवाज एकदम लहानपणीचा निघाला. "तूच सांगितलंस, आई. तारीख कळली त्या दिवशी, इथेच. तू म्हणालीस, माझ्या झाडांनी मान टाकलेली मला चालणार नाही. एक पान जरी लोंबताना दिसलं, तरी घरात पाऊल ठेवू नकोस. मी म्हटलं, अगं, नवी झाडं आहेत, लोंबणारच. तू म्हणालीस, ते मला सांगू नकोस, कर काय करायचं ते. मग केलं. दुसरं काय करता येतं? तूच सांग, दुसरं काय करता येतं?"

मोठीआईला ते आठवत नव्हतं, असं म्हणायची सोय नव्हती. शब्द न् शब्द आठवत होता. कुठे उभी होती, हातात कात्री होती, तेही आठवत होतं. इतकी वर्षं ती सांगत आली होती, झाडाला रुसू द्यावं, रुसलं तरच ते मातीशी बोलतं. आणि एका शालीपायी, चार लोकांनी वा म्हणावं म्हणून, तिनं झाडांना रुसायची मनाई केली होती. लेकानं फक्त हुकूम पाळला. सुनेला तिनं जे सांगू दिलं नाही, तेच लेकाचंही ऐकलं नव्हतं. तिच्या घरात तिला कोणी काही सांगत नव्हतं, आणि याचा तिला आजवर अभिमान वाटत आला होता.

ती आत गेली. त्या दिवशी चहाला बाहेर आली नाही.

फाउंडेशनच्या कचेरीत जायला तिला लेक नको होता, सूनही नको होती. एकटीच गेली. शाल घरी ठेवली. चष्मेवाल्या बाईंच्या टेबलापुढे खुर्ची होती, पण ती उभीच राहिली.

"बाई, मी परवा खोटं बोलले. एखादी राहिलेली नाही. सगळ्या आहेत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आम्ही काल संध्याकाळी जाऊन पाहिलं, आजी. अंदाज आला होता."

म्हणजे ती सांगायच्या आधीच यांना कळलं होतं! वाटभर जुळवून आणलेला धीर एकदम पोकळ झाला. चोर पोलिसात हजर व्हायला जावा आणि पोलीस म्हणावेत, या, तुमचीच वाट पाहत होतो.

"लेकाची चूक नाही," ती पुढे म्हणाली. "मीच म्हणाले होते, झाडं लोंबलेली नकोत."

बाई म्हणाल्या, "भेट आठवड्याच्या आत ठेवली, ती कोणी ठेवली? आम्हीच. आमच्या बैठकीच्या तारखेला जुळावी म्हणून. नवी झाडं आठवड्यात कशी दिसतात, हे आम्ही कुणाला विचारलंसुद्धा नाही. झाडांसाठी पैसे देतो आणि वेळापत्रक माणसांचं लावतो." त्यांचा आवाज खाली आला. "मलाही बरं वाटलं होतं ती ताठ झाडं बघून. फोटो काढले मी."

मोठीआईला वाटलं, आता या म्हणतील, जाऊ द्या आजी. पण बाई तशा नव्हत्या.

"शाळांचं काम आता तुमच्याकडे येणार नाही. आजोबांनी ठरवलंय. झाडं मरतात हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून तर तीन वर्षांचं पाणी दिलंय. झाड मेल्याचं त्यांना दुःख होतं, राग येत नाही. तुम्ही सुनेचा हात धरलात, त्याचा त्यांना राग आला."

मोठीआईनं मान खाली घातली. ती मान खाली घालायची नाही, असं जग म्हणायचं. फरशीवर तिच्या चपलेचे मातीचे ठसे उमटले होते. ते तिनं पायानं पुसायला घेतले, तर आणखी पसरले.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "शाळांचं नकोच. पण हा रस्ता माझा आहे. पिशव्या मी काढते. माझ्या खर्चानं, माझ्या माणसांनी, भर दिवसा."

"झाडं मान टाकतील, आजी."

"टाकू देत."

कामाला सुरुवात केली तेव्हा लेक म्हणाला, पहाटे पहाटे उरकून घेऊ, रहदारी नसते. मोठीआई म्हणाली, रहदारीतच करायचं. एकेक झाड बाहेर काढायचं, पिशवी फाडायची, पिशवीत वेटोळं घालू लागलेली मुळं कात्रीनं मोकळी करायची आणि झाड पुन्हा मातीत उतरवायचं. लेक खणत होता, मजूर उचलत होते, सून पाणी घालत होती. मोठीआई पिशव्या फाडत होती आणि फाडलेली प्रत्येक पिशवी स्वतःच्या कमरेला खोचत होती. खोचून खोचून ती अशी फुगली, की दवाखान्यात निघालेलं एक पोरगं आईला म्हणालं, "आजीचा कावळा झाला!" आईनं त्याला दटावलं. मोठीआई म्हणाली, "ओरडू नको गं त्याला. खरं बोलणाऱ्याला या रस्त्यापायी आधीच फार ओरडून झालंय."

सुनेनं वर पाहिलं नाही. त्या दिवसापासून दोघींत कामापुरतं बोलणं होतं. पाणी घाल. घातलं. संपलं.

आणि मग झाडांनी मान टाकली. एकजात सगळ्यांनी. ऊन चढलं तशी पानं मिटली, शेंडे वाकले, रस्त्याच्या दोन्ही कडांना जणू गुन्हेगार हारीनं उभे केले. आदल्या आठवड्यात ज्यांनी ती ताठ झाडं पाहिली होती, ते थांबून थांबून बघायला लागले. बसमधून माना बाहेर निघायच्या. पानवाला म्हणाला, "मोठीआई, गेली की हो सगळी! फुकटच्या पैशाची झाडं अशीच." कुणी म्हणालं, आधी बरी होती, म्हातारीनं उकरून मारली. एक भला माणूस सांत्वन करायला आला, ते तर सगळ्यांत वाईट.

पूर्वीची मोठीआई एकेकाचा समाचार घेती. आता ती रोज दुपारी खुर्ची घेऊन दवाखान्याच्या फाटकाशी बसायची, त्या लोंबत्या झाडांच्या मध्ये, डोक्यावर सावली नाही. कुणी विचारलं तर सांगायची, "पिशवीसकट लावली होती. माझ्या नर्सरीनं." एवढंच. पहिल्यांदा म्हणताना जड गेलं, दुसऱ्यांदाही गेलं. लोकांना वाटायचं, सवयीनं सोपं होत असेल. होत नव्हतं. तरीही ती म्हणत होती.

वॉचमन एकदा पाण्याचा पेला घेऊन आला. "कानातलं सापडलं का, मोठीआई?"

"सापडलं," ती म्हणाली. "कानातच होतं. ऐकू यायच्या आड येत होतं."

तो हसला, तीही हसली. पण तिचं हसणं लगेच मावळलं, कारण पलीकडे सून टँकरचा पाइप ओढत येत होती आणि तिची बाही वर सरकली होती. मनगटावरचे वळ आता पिवळे पडले होते. गेलेले नव्हते.

सून त्याच झाडाशी थांबली, जे तिनं त्या दिवशी सगळ्यांसमोर उपटलं होतं. इतरांसारखंच तेही वाकलेलं. तिनं आळ्यात पाणी सोडलं. आधी पाणी कडेकडेनं निघून जायचं, पिशवीची कड उघडी पाडायचं. आता ते क्षणभर थांबलं, भोवती बुडबुडे आले आणि सावकाश खाली मुरत गेलं. सून वाकून बघत राहिली. तिनं शेंड्याला बोट लावलं. शेंडा लोंबतच होता, पण त्याच्या मुळाशी, देठ फुटतो तिथे, एक बारीकसा हिरवा ठिपका तट्ट होता. जगेल, नाही जगणार, अजून सांगता येत नव्हतं.

मोठीआई खुर्चीतून उठली. रस्ता ओलांडून गेली. फाटकाशी आजाऱ्यांची माणसं होती, वॉचमन होता, पानवाला होता, लेक पलीकडच्या झाडाची काठी ठोकत होता. चारचौघं होती. तिला तेच हवं होतं.

तिनं सुनेचं तेच मनगट हातात घेतलं. सून दचकली, हात आखडता घेतला. मोठीआईनं तो सोडला नाही, पण या वेळी पकड अशी, की झटका दिला असता तर सुटली असती. वळांवरून अंगठा फिरवला. लेकाची ठोकठोक थांबली.

"ऐक," मोठीआई म्हणाली, सगळ्यांना जाईल अशा आवाजात. "त्या दिवशी तुझं चुकलं. सासू म्हणून सांगते, चुकलंच. मी हात धरला म्हणून तू थांबलीस. थांबायचं नव्हतंस गं. माझा हात झिडकारायचा होतास आणि सगळी उपटायची होतीस."